प्रस्ताव: 'द पावडर टॉय' खेळात चुना हवा (भट्टी, निवळी, भिंत आणि परत दगड)

भट्टीकर | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना 'द पावडर टॉय' माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. बाकीच्यांसाठी: हा फुकट आणि मुक्तस्रोत खेळ आहे. खेळ म्हणायचं खरं, पण यात जिंकणं-हरणं नाही. ६१२ आडवे नि ३८४ उभे ठिपके एवढा पडदा, एका ठिपक्यात एक कण. वाळू ओता, पाणी सोडा, कोळसा पेटवा, अणुभट्टी उडवा, कोणी विचारणारं नाही. प्रत्येक कणाला स्वतःचं तापमान असतं. शिवाय चार बाय चार ठिपक्यांच्या चौकटी पाडून त्यांत हवेचा दाब आणि वारा मोजला जातो. शाळेतल्या प्रयोगवहीपेक्षा मला यातून जास्त समजलं, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

तर झालं असं. भाचा सुट्टीला आलाय, नववीतला आहे. खेळ बघून म्हणाला, "मामा, यात चुनाभट्टी करता येईल?" म्हटलं, न यायला काय झालं! विटांची भट्टी रचली, आत दगड भरला, खाली आग. साधी आग या खेळात ४२२ अंशांना जन्मते, तिने दगडाला काही होईना. मग आगीवर ऑक्सिजन सोडला (आपला भाताच समजा), तशी धग वाढली. आणि ७१० अंशांना दगडाचा लाव्हा झाला. सगळ्या दगडाचा. पोरगं शांतपणे म्हणालं, "चुना कुठाय?"

खरंच, कुठाय? खेळात माती आहे, क्ले डस्ट नावाची. ती पाण्यात कालवली की लगदा होतो, लगदा भाजला की वीट. काँक्रीट आहे, मीठ आहे, काच आहे, प्लुटोनियमसुद्धा आहे. ज्याच्यावर आपले किल्ले उभे आहेत तो चुना तेवढा नाही.

माझा प्रस्ताव असा. चुनखडी हा एक घन पदार्थ. ९०० अंशांच्या पुढे तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक कण बाहेर पडेल (हा वायू खेळात आधीपासून आहे, सीओटू याच नावाने) आणि मागे राहील कळीचा चुना. कळीला पाणी लागलं की ती पाण्याचा कण गिळून विरेल, विरताना तापेल, आजूबाजूच्या पाण्याची वाफ करेल. विरलेला चुना घट्ट दह्यासारखा वाहील. तो वाळला की कडक होऊन परत चुनखडी. भाजा, विरवा, लिंपा, फोडा, परत भाजा.

भट्टी मात्र विटेचीच लागेल. खेळातली वीट ९५० अंशांना वितळते, म्हणजे चुनखडी भाजायला नि भट्टी वाचवायला मध्ये जेमतेम ५० अंशांची फट. मला तर यातच गंमत वाटते. ज्याला घाम गाळायचा नसेल त्याने टायटॅनियमची भट्टी बांधावी, ते १६०० च्या वर टिकतं.

प्रश्न दोन. तीन वेगळे पदार्थ घ्यायचे, की एकाच पदार्थाच्या तीन अवस्था? आणि नाव काय? या खेळात नाव चार रोमन अक्षरांत बसवायची रीत आहे. 'लाइम' बरोब्बर चार अक्षरी, पण लोक लिंबू समजतील. 'चुना' पण चार अक्षरांत बसतो, सी-एच-यू-एन, शेवटचा काना गिळला की झालं. माझं मत चुन्याला.

लुआमध्ये (खेळात नवे पदार्थ घालायला चालणारी छोटी प्रोग्रामिंग भाषा) थोडं खरडलंय, अजून दाखवण्यासारखं नाही.

खट्याळ_खडू | रात्री १०:१९

पहिला! खेळाडूंना चुना लावायचा बेत दिसतोय. हलकेच घ्या.

मुंगळा | रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचतो.

सेमीकोलन | रात्री ११:०५

एका पदार्थाच्या तीन अवस्था हे डोक्यातून काढ, तीन पदार्थच कर. पदार्थ पडणार, वाहणार की जागचा हलणार नाही हे त्या पदार्थाच्या गुणधर्मांत ठरलेलं असतं, कणागणिक वेगळं ठेवता येत नाही. 'फॉलडाउन' शून्य म्हणजे ठाम बसलेला, एक म्हणजे पावडर, दोन म्हणजे द्रव. तुझी चुनखडी शून्य, कळी एक, विरलेला चुना दोन. क्रमांकांची चणचण नाही, पदार्थांसाठी ५१२ जागा आहेत.

लुआत सुरुवात केलीस ते बरं केलंस. खेळ मुळात ज्या भाषेत लिहिलाय त्या सी प्लस प्लसमध्ये घुसलास तर दर बदलाला अख्खा खेळ नव्याने कंपाइल करत बसशील.

आता खरी गोम. चुनखडीतून वायूचा कण बाहेर काढायचा तर शेजारी रिकामा ठिपका हवा. भरीव ठोकळ्यातल्या आतल्या कणाला आठही बाजूंनी शेजार आहे, तिथे नवा कण तयार करायची आज्ञा नुसती नापास होऊन परत येते. मग दोनच वाटा. वायू निघाला नाही तरी कळी करून टाकायची, म्हणजे वायू हवेत विरला म्हण. नाहीतर जागा मिळेपर्यंत चुनखडीला तसंच तापत ठेवायचं. मी दुसरी वाट घेईन. बाहेरचा थर कळी होऊन पावडरीसारखा गळून पडेल, मग आतला उघडा होईल. ठोकळा बाहेरून आत भाजत जाईल. पण बंद डब्यात काहीच होणार नाही, हे लोकांना बग वाटेल.

जुनी_प्रयोगशाळा | रविवार, सकाळी ६:४०

भट्टीकर, धागा आवडला. निवृत्त झालो तरी सकाळी सहाला डोळा उघडतो नि समोर चुना दिसतो, हा योगच.

एक दुरुस्ती मात्र ठासून करतो. चुना वाळून कडक होत नाही! पाणी उडालं म्हणून जो घट्ट होतो तो चिखल. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो नि परत चुनखडी होतो, पाणी बाहेर टाकतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली होती ना? निवळी दुधाळ झाली होती ना? ते दूध म्हणजेच चुनखडीचे बारीक कण. तुमची भिंत कडक होणं म्हणजे तीच दुधाळ निवळी, फक्त सावकाश. म्हणूनच चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर महिनोन्‌महिने मऊ राहतो. 'वाळला की' ही अट खोडून 'सीओटूचा कण लागला की' करा.

दुसरं. सेमीकोलन ज्याला बग म्हणतात ते रसायनशास्त्र आहे. बंद भांड्यात चुनखडी तापवली तर सुटलेला वायू साचतो नि पुढचं विघटन अडतं. भांड्यात तोच वायू वातावरणाच्या दाबाइतका भरलेला असेल तर ९०० अंशांच्या आसपास पोचावं लागतं, वायू खेचून घेत राहिलात तर त्याच्या खालीही काम होतं. भट्टीला वाट ठेवतात ती काय फक्त धुरासाठी? रिकाम्या ठिपक्याची अट आहे तशीच राहू द्या. कुणी मुद्दाम करायला गेलं तरी इतकी बरोबर बसली नसती.

तिसरं, नि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही गोल फिरणारा पदार्थ करताय. असा पदार्थ करताना उष्णतेचा जमाखर्च चुकला तर फुकटात उष्णता देणारं यंत्र तयार होईल नि पोरं तेच बांधत बसतील. खरा हिशेब लिहून देतो, दर मोलला (मोल म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायचं माप): चुनखडी भाजताना १७८ किलोज्यूल आत जातात. कळी विरताना ६५ बाहेर येतात. विरलेल्या चुन्याची परत चुनखडी होताना ११३ बाहेर येतात. ६५ अधिक ११३ किती?

खट्याळ_खडू | सकाळी ७:५८

सर, रविवारी सकाळी तोंडी परीक्षा? १७८.

जुनी_प्रयोगशाळा | सकाळी ८:०३

शाब्बास. बसा.

भट्टीकर | सकाळी ९:२०

सर, दंडवत! 'वाळला की' खोडलं.

जमाखर्चाचं वाचून रात्रीचं खरडलेलं अर्धं पुसलं. आता कणांचा हिशेबही तसाच बसवलाय. चुनखडीचा एक कण भाजला की कळीचा एक नि वायूचा एक, म्हणजे एक कण वाढला. कळी विरताना पाण्याचा एक कण नाहीसा. शेवटी कडक होताना वायूचा कण जिथे होता तिथेच पाण्याचा कण करायचा, म्हणजे गिळलेलं पाणी परत. पूर्ण फेरीनंतर जितके कण होते तितकेच. कागदावर मांडल्यावर पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

उष्णतेला सरळ एक किलोज्यूल म्हणजे एक अंश असं धरलंय. भाजताना कणाचं तापमान १७८ ने उतरवायचं, विरताना ६५ ने चढवायचं, कडक होताना ११३ ने.

उगाच_शंका | सकाळी १०:४७

वाचतोय, पण पटलेलं नाही. माती अधिक पाणी म्हणजे लगदा, लगदा अधिक उष्णता म्हणजे वीट. तुमचं: दगड अधिक उष्णता, अधिक पाणी, म्हणजे लगदा, म्हणजे दगड. तीच भाजी, फोडणी वेगळी. आहेत त्यांतलेच निम्मे पदार्थ कुणी वापरत नाही, त्यात तीन नवीन. शिवाय खेळात उष्णताधारकता हा प्रकारच नाही, सगळे कण सारखेच तापतात. मग किलोज्यूलचा आव कशाला?

भट्टीकर | सकाळी ११:१५

शंका रास्त आहे. उष्णताधारकतेचं तर शंभर टक्के खरं, पाण्याचा कण नि लोखंडाचा कण खेळाला सारखेच. म्हणून मी आकड्यांचं गुणोत्तर पाळतोय, आकडे नाही.

पण लगदा नि चुना एक नाहीत. लगद्याला वीट करायला आग द्यावी लागते. चुन्याला कडक करायला वायू द्यावा लागतो, आणि तो वायू त्याच्याच भट्टीतून निघालेला असतो. खेळात सीओटूला सध्या फारसं काम नाही: पाण्याचा सोडा करतो, थंड केला की कोरडा बर्फ होतो, झाडं खातात. भट्टीचा वायू नळाने नेऊन भिंतीवर सोडायचा हे कुठल्याही आधीच्या पदार्थाने होत नाही.

टीएनटी_ताई | दुपारी १२:३०

भिंती बांधा तुम्ही. मला सापळे हवेत.

कळीचा चुना बंद खोलीत, वर पाण्याची टाकी, मध्ये झडप. पाणी सुटलं की वाफ, वाफेने दाब, दाबाने दार उडालं. स्फोटकाशिवाय! सर, खरंच एवढी ताकद असते का?

आणि कळी खूप तापवली तर पांढरी प्रखर चमकायला हवी. १८२० च्या दशकात टॉमस ड्रमंडने भूमापनासाठी चुन्याचा दिवा वापरला होता, नंतर नाटकवाल्यांनी उचलला. लाइमलाइट शब्द तिथलाच. खेळात तापलेले धातू चमकतातच, तोच गुण कळीला लावा.

जुनी_प्रयोगशाळा | दुपारी १:१०

ताई, ताकद असते. एक किलो कळी पूर्ण विरताना जी उष्णता सुटते तिने नळाचं तीन लिटर पाणी उकळीला येईल. म्हणून चुना विरवताना मुलांना लांब ठेवायचे. डोळ्यात उडाला तर डोळा जातो, हे खेळाच्या धाग्यावरही लिहून ठेवतो.

दिव्याचं बरोबर. कळी २५०० अंशांच्याही वर वितळते, म्हणून ती ज्योतीत टिकते नि झळाळते. भट्टीकर, तुम्ही कळीचा वितळणबिंदू दगडाचाच ठेवला असेल तर बदला. आणखी एक: विरलेला चुना वायू न देता नुसता तापवला तर ५०० अंशांच्या पुढे पाणी सोडून परत कळी होतो. ही मागची वाटही ठेवा, तिथे ६५ वजा करायला विसरू नका.

सेमीकोलन | दुपारी ३:४५

करून बघितलं. ताई, तुझा सापळा फुसका निघाला.

एक किलोज्यूलला एक अंश धरला तर खोलीच्या २२ अंशांवरची कळी विरून ८७ ला जाते. वाफ नाही. चहासुद्धा होत नाही. म्हणून सगळं तिप्पट केलं: भाजताना वजा ५३४, विरताना अधिक १९५, कडक होताना अधिक ३३९. आता कळी २१७ ला जाते, वाफ झकास, दार उडतं.

पण भिंत! वायू लागला की भिंतीचा कण २२ वरून एकदम ३६१ वर. नुकतं सुटलेलं पाणी लगेच वाफ. पडद्यावर भिंत कडक होताना प्रेशर कुकरसारखी शिट्ट्या मारते. आणि यात पट बदलून सुटका नाही, कारण ११३ हा ६५ पेक्षा मोठाच राहणार. विरताना उकळायला हवं असेल तर कडक होतानाही उकळणारच.

वाडा_दुरुस्ती | दुपारी ४:३०

मी खेळत नाही. मुलीने हा धागा दाखवला, म्हणाली बाबा तुमचं काम. जुन्या वाड्यांची डागडुजी करतो, चुन्यातलीच.

शिट्टी मारणारी भिंत वाचून हसलो. अहो, ती उष्णता तुम्ही एका क्षणात काढताय. आमची भिंत महिने घेते. आज गिलावा केला तर वरचा पापुद्रा आधी धरतो, आत मऊच. म्हणून गिलावा पातळ थरांनी चढवायचा, एका दमात जाड मारला की आतला कच्चा राहतो. घाणीत मळलेला, मुरवलेला, गूळ-हिरड्याचं पाणी घातलेला चुना असला तरी घाई चालत नाही. गडावर दगडी चाकाची गोल घाणी बघितली असेल तुम्ही, तिच्यात बैल किती फेऱ्या मारत असेल याचा विचार करा.

आत कच्चा आहे का बघायची आमची एक युक्ती आहे. थोडा तुकडा काढायचा नि फिनॉल्फ्थॅलिन शिंपडायचं. गुलाबी झाला तर अजून चुना आहे. रंग बदलला नाही तर दगड झाला.

सेमीकोलन | दुपारी ४:५२

काका, तुम्ही बगही सोडवलात नि एक नवीन सोयही दिलीत.

उष्णता उधारीवर ठेवतो. प्रत्येक कणाला 'टीएमपी' नावाचा एक मोकळा आकडा असतो, त्यात ३३९ लिहून ठेवायचे. कण कडक झाला तरी तापमान लगेच चढवायचं नाही. दर फ्रेमला एक अंश द्यायचा नि उधारी एकने कमी करायची. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर साडेपाच सेकंदांत फिटते. तेवढ्यात शेजारी वाटून घेतात. अ‍ॅम्बियंट हीट (हवेलाही तापमान देणारी सोय) मात्र चालू ठेवावी लागेल, नाहीतर एकटी भिंत उष्णता देणार कोणाला?

एक धोका आहे: उधारी फिटायच्या आत कोणी तोच कण पुन्हा भाजला तर? तेव्हा राहिलेली उधारी भाजणीच्या ५३४ मधून वळती करायची. सर रागावायच्या आत सांगून टाकतो.

आणि गुलाबी रंग तर करणारच. एक दृश्यपद्धत, जिच्यात विरलेला चुना गुलाबी दिसेल.

जुनी_प्रयोगशाळा | सायंकाळी ५:१५

रागावत नाही. वळती केली म्हणजे झालं.

वाडा_दुरुस्ती | सायंकाळी ५:४०

एक शंका. तुमच्या खेळात हवा आहे म्हणालात. मग भिंत हवेनेच धरेल ना? ते वायूचे कण वेगळे कशाला सोडायचे?

भट्टीकर | सायंकाळी ६:०५

काका, इथे खेळाची मेख आहे. खेळातल्या हवेला दाब आहे, वेग आहे, सोय चालू केली तर तापमानही आहे. पण ती कशाची बनली आहे हे नाही. तिच्यात ऑक्सिजनही नाही नि कार्बन डायऑक्साइडही नाही. हवे असतील तर कण वेगळे सोडावे लागतात.

हवेनेच हळूहळू धरेल अशी एक बारीक शक्यता घालता येईल, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लाखात एक वगैरे. पण मग न आलेला वायू गिळल्यासारखं होईल नि पाणी कुठूनही टपकेल. सकाळी बसवलेला हिशेब गेला.

वाडा_दुरुस्ती | सायंकाळी ६:२०

मग तुमच्या खेळातली भिंत जन्मात धरणार नाही. कोण नळाने वायू आणून गिलाव्यावर सोडतंय? हिशेब बरोबर नि भिंत ओली, असं घर मी कुणाला देऊ?

उगाच_शंका | सायंकाळी ६:२८

पहिल्यांदा या धाग्यावर कोणी मुद्द्याचं बोललं. काकांना अनुमोदन. लाखात एक घाला नि मोकळे व्हा.

टीएनटी_ताई | सायंकाळी ६:३३

माझं मत हिशेबाला. फुकट पाणी टपकणारी भिंत म्हणजे उद्या कोणीतरी चुन्याची विहीर बांधेल. मीच बांधेन.

मुंगळा | सायंकाळी ७:१०

रुमाल उचलतो. सगळं वाचलं. एक हिशेब करून बघितला, चुकला असेल तर सांगा.

खऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के. पडद्यावर ठिपके ६१२ गुणिले ३८४, म्हणजे २,३५,००८. अख्खा पडदा हवेने भरला आहे असं समजलं, तर त्यात या वायूचे कण किती? ९४.

तर हवेच्या नावाने ९४ कण पडद्यावर विखरून सोडा नि खेळ चालू ठेवा. ना शक्यता, ना नळ.

जुनी_प्रयोगशाळा | सायंकाळी ७:१८

वायू नि घन यांच्या घनतेचा हिशेब यात नाही, त्यामुळे शास्त्र म्हणून नापास. पण युक्ती म्हणून पैकीच्या पैकी. करून बघा कोणीतरी.

भट्टीकर | रात्री ९:५५

केलं. भाचा नि मी दोघं बसलो होतो, जेवण थंड झालं.

पडदा चारी बाजूंनी बंद केला. मध्ये ३ ठिपके जाड, २० उंच अशी भिंत: मधला उभा ठिपका विटेचा, दोन्ही अंगांना विरलेला चुना. तो द्रव असल्याने घसरतो, म्हणून बाहेरून लाकडी फळ्या लावल्या, फळ्यांना फटी ठेवल्या. म्हणजे चुन्याचे एकूण ४० कण. मग भाच्याने मोजून ९४ कण शिंपडले. मोजून! मी म्हटलं ब्रशने मार, तर ऐकेना.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग फटींजवळचे ठिपके गुलाबीचे पांढरे व्हायला लागले. पाऊण तासात ४० पैकी २७ धरले. शिट्टी एकदाही नाही, उधारी व्यवस्थित फिटतेय. सुटलेलं पाणी फळ्यांवरून ओघळून खाली साचलं.

तेरा कण मात्र कच्चे राहिले, नि त्याचं कारण भन्नाट आहे. उरलेला वायू खाली साचलेल्या पाण्यात शिरला नि पाण्याचा सोडा झाला. खेळात तसा नियमच आहे. भिंतीच्या पायाशी सोड्याचं डबकं! सोडा हळूहळू वायू परत सोडतो म्हणून थांबून राहिलो, पण तो सुटतो नि पुन्हा पाण्यातच जातो.

खट्याळ_खडू | रात्री १०:०१

भिंत बांधा, सोडा फुकट मिळवा. वाचनखूण साठवली.

सेमीकोलन | रात्री १०:१४

पाण्याचा कण वायूच्या जागी न करता भिंतीच्या वरच्या अंगाला... नको, तेही खालीच येणार. तळाला जाळी ठेव नि पाणी पडद्याबाहेर जाऊ दे.

जुनी_प्रयोगशाळा | रात्री १०:२०

थांबा, डबकं काढू नका! निवळीत फुंकत राहिलं तर काय होतं? आधी दुधाळ होते, आणखी फुंकलं की परत स्वच्छ होते. वायू मिसळलेलं पाणी चुनखडीला विरघळवतं. गुहा याच पाण्याने कोरल्या जातात, नि त्यातला वायू उडाला की छताला लोंबते झुंबर. सोड्याचा कण चुनखडीला लागला तर दोघांचं मिळून 'दुष्फेन पाणी' करा. चौथा पदार्थ.

उगाच_शंका | रात्री १०:२४

आला चौथा. मी म्हटलं नव्हतं?

भट्टीकर | रात्री १०:३०

सर, मोह होतोय, पण पुढच्या खेपेला. आधी हे तीन सुधारून लुआची फाइल टाकतो. डबकं मात्र राहू देतो, भाच्याला आवडलंय.

वाडा_दुरुस्ती | रात्री १०:४१

मुलीने चित्र दाखवलं. कच्चे राहिलेले ठिपके सगळे वरचे दिसतात, पायथा आधी धरलाय. असं कसं?

भट्टीकर | रात्री १०:४४

हा वायू खेळात जड आहे काका, खाली उतरत राहतो. पायाशी जास्त मिळाला.

वाडा_दुरुस्ती | रात्री १०:५२

आमच्याकडे उलटं. पायथ्याला ओल असते, भोकं पाण्याने भरलेली, वायू आत शिरतच नाही. वरचा गिलावा दगड झाला तरी खालची वीतभर पट्टी गुलाबी येते.

ओल चढायची सोय आहे का तुमच्या खेळात?

सेमीकोलन | रात्री १०:५५

स्पंज आहे, पाणी शोषतो. विटेच्या जागी स्पंजाची भिंत करून बघू का?

वाडा_दुरुस्ती | रात्री १०:५८

बघा. पायथा कच्चा राहिला तर मला कळवा, मग मी पण खेळायला बसतो.